ओळख नसली तर?

प्रश्न : मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुंबईत कुणाची ओळख नाही. एक पोर्टलवाला म्हणतो, पाच हजार भरून 'प्रेस कार्ड' घे, मग इंटर्नशिप देतो. भरू का?
— एक विद्यार्थिनी, कर्जत

उत्तर : अजिबात नको. विकतच्या कार्डाला काडीची किंमत नसते. सरकारी अधिस्वीकृती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, आणि इंटर्नशिपला तीही लागत नाही. 'आधी जाहिराती आण' म्हणणाऱ्यांपासूनही चार हात लांब राहा.

ओळखीपेक्षा छापण्याजोगा मजकूर कामी येतो, आणि तो तुझ्या दारातच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा सगळे कॅमेरे तिथे धावले. आता त्या कुटुंबांच्या रोजगाराचं, मुलांच्या शाळेचं काय, हे विचारायला कितीजण जातात? तू जा. ग्रामस्थांशी बोल, तहसील कार्यालयाची बाजूही जाणून घे. अशा दोन बातम्या जोडून दैनिकांच्या रायगड आवृत्तीला चार ओळींचा मेल टाक. आठवड्याने फोन कर. संध्याकाळी मात्र नको, तेव्हा पानं लागत असतात.

मुंबईत जमलं तर कर्जत लोकल आहेच. फक्त रात्रपाळी स्वीकारण्याआधी शेवटची गाडी बघून ठेव, आणि मानधनाचं लेखी विचारायला लाजू नकोस.