राज्य नको, की मालक नको?



भांडवलशाही म्हणते, उद्योगधंद्यात सरकारने हात घालू नये. अराज्यवाद म्हणतो, सरकारच नको. दोघेही स्वातंत्र्याचे नाव घेतात. हे स्वातंत्र्य कोणाचे, असे उपासकाने विचारावे.

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले. सरकारचे नियंत्रण उठले म्हणजे जमीनदार खंड वाढविण्यास व कारखानदार मजुरी घटविण्यास मोकळा होतो. ती खाजगी मालकाची हुकूमशाहीच होय. म्हणून मूलभूत उद्योग, विमा व शेती राज्याच्या मालकीची असावी. जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी. जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे भेद राहू नयेत, अशी त्यांची योजना होती. ही व्यवस्था संविधानातच लिहावी, म्हणजे बदलत्या बहुमताने ती मोडणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

अराज्यवादी विचारवंत क्रोपोत्किन याने १९०२ च्या ग्रंथात परस्पर साहाय्याचे महत्त्व दाखविले. मालक नको, सरकारही नको. श्रमिकांनी स्वेच्छेने एकत्र यावे, असे त्याचे मत. विचार उदात्त आहे. परंतु आपल्याकडे सरकार गेले तर गावात काय उरेल? जात उरेल. पाणवठा कोणाचा, हे मग कायदा नव्हे, गावकी ठरवील.

मार्क्सवादीही म्हणतात की राज्य शेवटी विरून जाईल. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर बाबासाहेब २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बोलले. याच विषयावरील आपल्या लेखनात ते विचारतात : राज्य विरल्यावर त्याच्या जागी काय येणार? बळ काढून घेताच अराजक माजणार असेल, तर ती व्यवस्था काय कामाची? बळ गेल्यावरही समता टिकविते ती माणसाची नीती, म्हणजेच धम्म. भिक्खुसंघात खाजगी मालमत्ता जवळजवळ नव्हती; भिक्खूजवळ चीवर, भिक्षापात्र, सुई अशा आठच वस्तू असत. हे बळजबरीने झाले नाही.

म्हणून केवळ शील पुरे, असे मात्र समजू नये. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र व हत्या वाढते. दारिद्र्य हटविणे हे राज्याचे कर्तव्यच आहे.

कायदा हवा आणि शीलही हवे. कायद्यावाचून दुबळा उघडा पडतो. शीलावाचून कायदा कागदावर राहतो.

विहारात चर्चेसाठी : आपल्या वस्तीत सहकारी पतपेढी किंवा धान्यभांडार काढावयाचे, तर त्याचा हिशेब कोणी व कसा ठेवावा?