सवलत नव्हे, वाजवी सोय
दिव्यांग विद्यार्थी आणि आपले महाविद्यालयीन शिक्षण

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की बहुतेक महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर एक छोटी सूचना लागते. दिव्यांग विद्यार्थ्यांनी सवलतीसाठी कार्यालयात अर्ज करावेत, असा तिचा आशय असतो. तिच्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण ‘सवलत’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे, असे मला वाटते. एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते, दिवाळीत कापडाच्या दुकानात सवलत मिळते. सवलत म्हणजे देणाऱ्याने आपल्या पदरचे थोडे सोडणे. मग अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, तेव्हा परीक्षा आपल्या पदरचे नेमके काय सोडते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

बाजार समितीत शेतकऱ्याचा माल पोत्यासकट काट्यावर चढतो, पण हिशेब करताना बारदानाचे वजन वजा होते. तेवढ्याने व्यापाऱ्याला सवलत दिली, असे कोणी म्हणत नाही. तोलायचे ते धान्य, पोते नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेचेही तसेच आहे. इतिहासाची प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याचे इतिहासाचे आकलन मोजण्यासाठी काढलेली असते. छापील अक्षर डोळ्यांनी वाचता येते का, किंवा तीन तास हात न थांबता चालतो का, हे मोजण्यासाठी नव्हे. लेखनिक दिल्याने किंवा वेळ वाढवल्याने प्रश्न सोपा होत नाही आणि गुणही वाढवून मिळत नाहीत. फक्त बारदान वजा होते. टंकलेखनाच्या परीक्षेत वेग हाच विषय असतो, त्यामुळे तेथे विचार वेगळा करावा लागेल. पण कला शाखेच्या किती प्रश्नपत्रिका खरोखर हाताचा वेग तपासण्यासाठी असतात?

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे या विषयावरील पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानलेले होते. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा करार संमत केला आणि भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली. त्या करारातील तत्त्वांना धरून ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा नवा कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. त्यात प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर गेली. लेखन-वाचनातील विशिष्ट अक्षमता, ज्यांचा पूर्वीच्या कायद्यात उल्लेखही नव्हता, त्यांना येथे प्रथमच स्थान मिळाले. शासकीय आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या कायद्याने केलेली ‘वाजवी सोय’ या संकल्पनेची व्याख्या. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क उपभोगता यावेत म्हणून केलेले आवश्यक आणि योग्य असे फेरफार, मात्र ते करताना संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये, असा त्या व्याख्येचा आशय आहे. अशी सोय नाकारणे हा भेदभावच होय, असे हा कायदा मानतो. शासनाने करावयाच्या उपायांत वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासातून सूट यांचा कलम १७ मध्ये उल्लेख आहे. म्हणजे आपल्या सूचनाफलकावरचा शब्द आणि कायद्यातला शब्द यांत मूलभूत अंतर आहे. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वाजवी सोय नाकारली, तर नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते.

लेखनिक नेमके काय करतो?

लेखनिकाविषयी आपल्यात पुष्कळ गैरसमज आहेत. प्रथम वर्षाला असताना मी तृतीय वर्षाच्या एका अंध विद्यार्थिनीसाठी दोन प्रश्नपत्रिका लिहिल्या, म्हणून याविषयी थोडे अनुभवाने सांगू शकतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, की लेखनिक उत्तर लिहितो आणि परीक्षार्थी नुसता बसून असतो. वास्तविक लेखनिक हा केवळ हात असतो. प्रश्न वाचून दाखवायचा, सांगितला तर पुन्हा वाचायचा, सांगितलेले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, आणि परिच्छेद कोठे पाडायचा हेही तिलाच विचारायचे. एखादे वाक्य मला चुकीचे वाटले, तरी तेच लिहायचे.

वाढीव वेळ कशासाठी, हे मला त्या खोलीत समजले. आपण लिहिलेल्या उत्तरावर एकदा नजर फिरवतो आणि राहिलेला मुद्दा घालतो. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. तिला तेच करायचे तर मला अख्खे उत्तर मोठ्याने वाचावे लागे, ते ऐकून तिला जागा सांगावी लागे, आणि ती जागा मला शोधावी लागे. दोन विकल्पांतून एक प्रश्न निवडायचा तर दोन्ही प्रश्न ऐकून लक्षात ठेवायचे. शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ताशी किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास, असा वाढीव वेळ ठरवलेला आहे. वीस मिनिटांचा हा आकडा कोणाला उदार वाटत असेल, तर त्याने एकदा डोळे मिटून आपलीच उत्तरपत्रिका दुसऱ्याकडून तपासून पाहावी.

आणखी एक गोष्ट. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे असावे, अशी अट २०१८ च्या सूचनांत घातली गेली. २०१३ च्या सूचनांत अशी अट नव्हती. लेखनिकाने स्वतःच्या ज्ञानावर उत्तर लिहू नये, हा हेतू रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. अर्थशास्त्रातील ‘सीमांत उपयोगिता’ किंवा तत्त्वज्ञानातील ‘अनेकान्तवाद’ हे शब्द ज्याने कधी ऐकले नाहीत, त्याला ते लिहायला सांगताना परीक्षार्थीचा वेळ जातो आणि कधी कधी शब्दच चुकीचा उमटतो. म्हणूनच परीक्षेपूर्वी दोन दिवस लेखनिकाची भेट घेता यावी, ही त्याच सूचनांतील तरतूद मोलाची होती. आम्ही त्या भेटीत तीसेक पारिभाषिक शब्द लिहून पाहिले होते, आणि त्याचा पेपरात फार उपयोग झाला. हे नियम मधूनमधून बदलत असतात. म्हणून दरवर्षी विद्यापीठाचे चालू परिपत्रक पाहूनच अर्ज करावा.

गैरफायद्याचा आक्षेप

अशा सोयींचा गैरफायदा घेतला जाईल, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो सर्वस्वी निराधार आहे असे नव्हे. पण या आक्षेपाचा परामर्श सर्वोच्च न्यायालयाने घेतलेला आहे. लिहिताना हात आखडतो अशी व्याधी असलेल्या विकास कुमार नावाच्या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला ही पूर्वअट असू शकत नाही. काही जण गैरफायदा घेतील या भीतीने ज्यांना खरी गरज आहे त्या सर्वांना सोय नाकारता येणार नाही, अशीही न्यायालयाची भूमिका होती. या निर्णयानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी केंद्र शासनाने स्वतंत्र सूचना काढल्या.

नियम असूनही तो परीक्षाकेंद्रावर ठाऊक नसला तर काय होते, याचे उदाहरण २०२१ सालचे आहे. लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हक्काचा एक तास मिळालाच नाही. मुंबई उच्च न्यायालयातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिच्यावर अन्याय झाल्याचे नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने मान्य केले आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला उपाय शोधण्यास सांगितले, परंतु फेरपरीक्षा काही मिळाली नाही. पर्यवेक्षकाने परिपत्रक वाचलेले असणे किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात येईल.

परीक्षेपूर्वीचे वर्ष

परंतु परीक्षा हा वर्षाचा शेवट झाला. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? वर्षभर जे वर्गात पोचले नाही, ते लेखनिक कोठून उतरवणार? माझ्या मते आपला खरा दोष येथे आहे.

आजचा अंध विद्यार्थी पुष्कळसे वाचन स्क्रीन रीडर या संगणकप्रणालीच्या आधारे करतो. पडद्यावरील मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवते. ‘एन.व्ही.डी.ए.’ नावाची अशी प्रणाली मोफत मिळते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने तिचे काम सुरू केले. येथे लुई ब्रेलची आठवण होते. १८०९ साली जन्मलेल्या ब्रेलने आपली सहा टिंबांची लिपी १८२९ साली, म्हणजे साधारण आपल्याच वयाचा असताना, प्रसिद्ध केली. तोही अंध होता. ज्यांना अडचण होती त्यांनीच वाट काढली, असे या दोन्ही बाबतींत झाले.

पण साधन हाती असूनही आपल्या मराठी नोट्स ते वाचू शकत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर कागदावर सुरेख मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरेच असतात, केवळ त्यांचे चित्र देवनागरीचे असते. त्यामुळे स्क्रीन रीडर ती निरर्थक इंग्रजी अक्षरे वाचू लागतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकला, तर तो सरळ मराठी वाचतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आपण वहीच्या पानांचे फोटो टाकतो, तेही स्क्रीन रीडरला बहुधा कोरेच असतात. पुस्तके अशा रूपात आणण्यास कायद्याचीही आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्याची मुभा आहे. याच हेतूने झालेल्या माराकेश करारालाही २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता.

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण वेगळी. आपल्याकडे नोट्स सांगून लिहून घेण्याची पद्धत आहे. ओठांच्या हालचालीवरून समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याने वर पाहावे की वहीत लिहावे? दोन्ही एकाच वेळी होत नाही. त्यातच प्राध्यापक फळ्याकडे वळून बोलू लागले, की उरलेला धागाही तुटतो. ज्याला जिना चढता येत नाही, त्याच्या दृष्टीने दुसऱ्या मजल्यावरचा तास आणि रद्द झालेला तास यांत फरक नाही.

आपण काय करू शकतो?

यांपैकी बहुतेक गोष्टींना निधी लागत नाही. वेळापत्रक करताना एका वर्गाची खोली तळमजल्यावर आणता येते. नोट्स युनिकोडमध्ये टंकून आदल्या दिवशी देता येतात. वर्गाकडे तोंड करून बोलता येते. प्रवेशाच्या वेळीच, परीक्षेच्या तोंडावर नव्हे, विद्यार्थ्याला त्याची गरज विचारून ती प्रत्येक विभागाला कळवता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी लेखनिकांची यादी केली आणि जूनमध्ये त्यांचा एक सराव घेतला, तर मार्चमध्ये धावपळ होणार नाही.

विचारण्याची जबाबदारी महाविद्यालयाने घ्यावी, असे मी मुद्दाम म्हणतो. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे कळायला मला सहा महिने लागले, आणि तोवर एका शिष्यवृत्तीची मुदत टळून गेली. धडधाकट डोळे, कान आणि पाय असताना ही स्थिती. ज्याच्या घरी यापूर्वी कोणी हा दरवाजा ओलांडला नाही आणि ज्याला सूचनाफलक वाचताच येत नाही, तो आपला हक्क मागायला येईल ही अपेक्षा कशी करावी? अशा विद्यार्थ्याला वाटते, की आपल्यालाच झेपत नाही. तो एक दिवस येईनासा होतो, आणि हजेरीपत्रकावर त्याच्या नावापुढे फुल्या पडत जातात. त्याचे कारण कोठेही नोंदले जात नाही.

तेव्हा प्राचार्य आणि प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे, की पुढील सूचना लावताना तिच्यात ‘सवलत’ऐवजी ‘वाजवी सोय’ हे शब्द घालावेत आणि ती वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवावी. विद्यार्थी मित्रमैत्रिणींना सांगणे एवढेच, की वर्षातून एक पेपर कोणासाठी तरी लिहा. त्याला लागतात चार तास आणि सुवाच्य अक्षर. दोन्ही आपल्यापाशी आहेत.