वराहपालनासाठी मोकळी जागा किती हवी?

प्रश्न : घाटंजी तालुक्यात माझी अर्धा एकर पडीक काळी जमीन आहे. चार माद्या आणि एक नर पाळायचा आहे. कळप मोकळा सोडू का?

उत्तर : कळप मोकळा सोडू नका. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल होतो आणि डुकरं ती उकरून टाकतात. शेडला जोडून मुरूम दाबलेलं किंवा खडबडीत काँक्रीटचं, उताराचं अंगण करा. मादीला पावणेदोन, नराला बारा, विणाऱ्या मादीला बारा आणि वाढत्या पिलाला दीड ते पावणेदोन चौरस मीटर उघडी जागा धरा. तीसेक पिलांसह उघडी आणि छताखालची जागा मिळून दोन गुंठे लागतील. शेणखड्डा, नाली वेगळी.

आपल्या उन्हाळ्यात सावली आणि डुंबायला उथळ हौद हवाच. डुकराला घामाने अंग थंड ठेवता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, कुंपण दुहेरी घाला. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला रानडुकरं भरपूर. त्यांच्याकडूनही आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग येऊ शकतो. 2020 मध्ये तो भारतात प्रथम आढळला आणि त्यावर औषध नाही. त्याचसाठी हॉटेलचं उष्टं न उकळता घालू नका. उरलेल्या जमिनीत चारा लावा. पिलं विकत घेण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना जागा दाखवा.