कबड्डीचा गुणफलक आणि साठ नाणी



भातकापणी आटोपली, मळ्या मोकळ्या झाल्या की रत्नागिरी जिल्ह्यात कबड्डीचे दिवस सुरू होतात. मंडणगडापासून राजापूरपर्यंत गावोगावी मैदाने आखली जातात. शाळांच्या स्पर्धाही भरतात. सामना संपला की दुसऱ्या दिवशी वर्गात एकच आकडा घुमत राहतो : “चाळीस-पंधरा! धुव्वा उडवला!” मग त्या एका आकड्यावरून निकाल दिले जातात. हरलेला संघ अगदीच कच्चा ठरतो. एखाद्या मुलाला पुढच्या सामन्यात बाहेर बसवले जाते. एखादी शाळा तर पुढच्या वर्षी संघच पाठवत नाही.

एवढा भार पेलण्याची ताकद त्या आकड्यात खरोखर असते का? हा प्रश्न गणिताचा आहे, आणि आठवी-नववीचे गणित त्याला पुरते.

कबड्डीविषयी दोन विधाने आपण नेहमी ऐकतो. पहिले : “हल्ली गुण फार होतात.” दुसरे : “बाद फेरीतले सामने एकतर्फी होतात.” विधान पटो वा न पटो, आधी आकडे मांडायचे, ही शास्त्राची पद्धत. प्रो कबड्डी लीग ही व्यावसायिक स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या बारा हंगामांतील अंतिम सामन्यांचे गुण असे आहेत. कंसात दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज आणि मग फरक दिला आहे.

पहिला (२०१४) : ३५-२४ (५९, ११)
दुसरा (२०१५) : ३६-३० (६६, ६)
तिसरा (२०१६) : ३१-२८ (५९, ३)
चौथा (२०१६) : ३७-२९ (६६, ८)
पाचवा (२०१७) : ५५-३८ (९३, १७)
सहावा (२०१९) : ३८-३३ (७१, ५)
सातवा (२०१९) : ३९-३४ (७३, ५)
आठवा (२०२२) : ३७-३६ (७३, १)
नववा (२०२२) : ३३-२९ (६२, ४)
दहावा (२०२४) : २८-२५ (५३, ३)
अकरावा (२०२४) : ३२-२३ (५५, ९)
बारावा (२०२५) : ३१-२८ (५९, ३)

गुण वाढत आहेत का?

२०१७ च्या अखेरीस कोणी फक्त पहिल्या पाच ओळी पाहिल्या असत्या, तर त्याने छातीठोकपणे सांगितले असते की गुण वाढत चालले आहेत. पण त्या पाचांतला ९३ हा एकच आकडा बाजूला ठेवा. उरलेल्या चारांची सरासरी ६२.५ येते. सहाव्या ते आठव्या हंगामाची सरासरी सुमारे ७२ आहे, म्हणजे वाढ दिसते. नवव्या ते बाराव्या हंगामाची सरासरी मात्र ५७ च्या आसपास आहे. अंतिम सामन्यांपुरते बोलायचे, तर गुण आधी चढले आणि मग उतरले.

यातून दोन धडे घ्यायचे. एक म्हणजे, एकच मोठा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढतो. बारा सामन्यांची सरासरी ६५.७५ येते. तेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे मध्यक, काढला तर तो ६४ येतो. मध्यकाला ९३ चा धक्का फारसा लागत नाही. दुसरे म्हणजे, बारा सामने ही फार लहान संख्या आहे. तेवढ्यावरून कल ठरवणे म्हणजे आषाढातले बारा दिवस पाहून वर्षाचा पाऊस सांगण्यासारखे आहे.

फरक कशातून येतो?

आता एक प्रयोग करा. कबड्डीच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साठेक गुण होतात असे धरू. दोन्ही संघ तंतोतंत सारख्या ताकदीचे आहेत असे समजा. म्हणजे प्रत्येक गुण कोणाला जाणार हे नाणे उडवून ठरवल्यासारखेच झाले. दहा नाणी घेऊन ती सहा वेळा उडवा. छापे पडले ते ‘अ’ संघाचे गुण, काटे पडले ते ‘ब’ संघाचे. साठ गुणांचा एक सामना झाला.

तुम्हाला वाटेल, निकाल ३०-३० किंवा ३१-२९ असाच येईल. वर्गातल्या चाळीस जणांनी हा प्रयोग केला तर काय दिसेल? सुमारे दहा जणांच्या सामन्यात फरक दहा गुणांचा किंवा त्याहून जास्त असेल. साधारण दोघांकडे तो सोळा किंवा अधिक असेल, म्हणजे ३८-२२ सारखा ‘एकतर्फी’ निकाल! इथे कोणी सराव चुकवलेला नाही आणि कोणी भित्रेपणाही केलेला नाही. हा फरक निव्वळ योगायोगाचा आहे.

या योगायोगाला एक सोपा नियम आहे. एकूण गुणांचे वर्गमूळ काढा. सारख्या ताकदीच्या संघांतील फरक तीनपैकी सुमारे दोन वेळा या वर्गमुळाच्या आत राहतो. वीसपैकी सुमारे एकोणीस वेळा तो वर्गमुळाच्या दुपटीच्या आत राहतो. ६० चे वर्गमूळ ७.७ आहे. म्हणजे सात गुणांचा विजय पाहून ‘कोण श्रेष्ठ’ हे सांगणे धोक्याचे आहे.

हाच नियम वरच्या बारा सामन्यांना लावा. बारापैकी नऊ सामन्यांत फरक वर्गमुळाच्या आत आहे. उरलेल्या तीनही सामन्यांत तो दुपटीच्या आत आहे. नाण्यांच्या हिशेबाने फरकाची सरासरी सुमारे ६.५ यायला हवी होती. प्रत्यक्षात ती ६.२५ आली! याचा अर्थ अंतिम सामना हा जुगार आहे असा नव्हे. अंतिम फेरीत येणारे दोन संघ ताकदीने एकमेकांच्या जवळ असतात, आणि त्यांच्यातील फरक नाणेफेकीहून वेगळा ओळखू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

६९-३० कसे झाले?

पण प्रत्येक सामना असा नसतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये बाद फेरीत पाटणा पायरेट्स संघाने हरियाणा स्टीलर्स संघाला ६९-३० असे हरवले. परदीप नरवाल या चढाईपटूने त्या एका सामन्यात चढायांचे ३४ गुण मिळवले. गुणांची बेरीज ९९, तिचे वर्गमूळ जवळजवळ १०, आणि फरक ३९. म्हणजे वर्गमुळाच्या चौपट! नाणेफेकीत असे हजारो वेळांतून एखाद्या वेळी घडेल. तेव्हा इथे योगायोगाखेरीज आणखी काही आहे हे नक्की. एक कारण उघडच आहे, ते म्हणजे चढाईपटूचे कसब. दुसरे कारण खेळाच्या नियमांतच दडलेले आहे.

कबड्डीत गुण गेला की गडीही जातो. सातांचे पाच झाले, पाचांचे तीन झाले, की क्षेत्र राखणे अधिकाधिक अवघड होते. उत्तम चढाईपटू बाद झाला तर आपल्या संघाने गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंत तो बाहेरच बसतो. म्हणजे मागे पडल्यामुळे संघ आणखी मागे पडतो. शेवटी सगळे गडी बाद झाले की प्रतिस्पर्ध्याला लोणाचे दोन गुण जादा मिळतात. उतारावरून सुटलेला धोंडा जसजसा खाली जातो तसतसा वेग घेतो, तसाच हा प्रकार.

मात्र नियमांनी या धोंड्याला अडसरही ठेवले आहेत. लोण झाल्यावर सातही गडी पुन्हा मैदानात येतात. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना यशस्वी पकड केली, तर व्यावसायिक स्पर्धेत एक गुण जादा मिळतो. यालाच अव्वल पकड म्हणतात. शिवाय चढाया आलटून पालटून होतात. फरक वाढवणाऱ्या आणि आवरणाऱ्या अशा दोन्ही शक्ती एकाच खेळात काम करतात. बहुतेक सामन्यांत त्या एकमेकींना तोलतात. एखाद्या दिवशी तोल सुटतो आणि ६९-३० होते.

आणखी एक गंमत पाहा. त्याच बाद फेरीत पाटण्याचे पुढचे निकाल ४२-३२, ४७-४४ आणि ५५-३८ असे लागले. संघ तोच होता आणि मोजक्याच दिवसांचा काळ होता, तरी फरक ३९, १०, ३ आणि १७! यांतला कोणता आकडा पाटण्याची ‘खरी’ ताकद सांगतो? एकटा कोणताच नाही.

गुण वाढले की फरकही वाढतो

आता दोन्ही विधाने एकत्र आणू. समजा, एक संघ किंचित सरस आहे. शंभर गुणांपैकी ५५ त्याला मिळतात. वीस गुणांच्या सामन्यात त्याची अपेक्षित आघाडी दोन गुणांची, तर योगायोगाचा हेलकावा सुमारे साडेचार गुणांचा. साठ गुणांच्या सामन्यात आघाडी सहाची, हेलकावा सुमारे पावणेआठचा. गुण तिप्पट झाले की कसबातून येणारा फरक तिप्पट होतो, पण योगायोगाचा फरक पावणेदोन पटच होतो. म्हणून जास्त गुणांच्या खेळात सरस संघ अधिक वेळा जिंकतो आणि निकालही अधिक एकतर्फी दिसतो. तरीसुद्धा साठ गुणांच्या सामन्यात हा दुबळा संघ पाचसहा सामन्यांतून एखादा जिंकून जातोच.

उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सहाएक गोल होतात. सहाचे वर्गमूळ सुमारे अडीच. म्हणजे तिथला तीन गोलांचा फरक आणि आपल्याकडचा नऊ-दहा गुणांचा फरक साधारण एकाच मापाचे आहेत. खेळ बदलला की फरक मोजायची पट्टीही बदलावी लागते.

तुम्ही काय कराल?

पुढच्या सामन्याला वही घेऊन जा. प्रत्येक चढाईसाठी एक ओळ ठेवा : चढाई कोणाची, गुण कोणाला, आणि त्या वेळी समोर गडी किती. सामना संपल्यावर पुढील प्रश्न सोडवा.

१. दर दहा चढायांमागे किती गुण झाले? काही गटांचे सामने २०-२० मिनिटांच्या, तर काहींचे १५-१५ मिनिटांच्या दोन डावांचे असतात. म्हणून नुसते गुण न पाहता हे प्रमाण पाहा.

२. समोर सहा-सात गडी असताना किती चढाया यशस्वी झाल्या? तीन किंवा कमी असताना किती? उतारावरच्या धोंड्याचा नियम तुमच्या मैदानावर दिसतो का?

३. अंतिम फरक वर्गमुळाच्या किती पट आहे?

शिक्षकांनाही एक विनंती आहे. संघ निवडताना एका सामन्याचा फलक न पाहता चार-पाच सामन्यांची अशी वही पाहावी. ४०-१५ ने हरलेल्या संघाच्या पहिल्या दहा मिनिटांत कदाचित बरोबरीची झुंज सापडेल. मग दुखणे एका लोणाचे आहे की साऱ्या संघाचे, हे कळेल आणि सराव कशाचा घ्यायचा तेही कळेल.

२०१७ साली ६९-३० असा मार खाल्लेला हरियाणा स्टीलर्स संघ तेव्हा आपला पहिलाच हंगाम खेळत होता. पुढे खेळाडू बदलले, संघ घडत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये याच संघाने अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. पहिल्या हंगामातला फलक पाहून त्यांनी संघच मोडला असता, तर हा सामना झालाच नसता.