हरणे कोणती झाडे टाळतात?

अडुळशाचे शास्त्रीय नाव ‘जस्टिशिया अधातोडा’ असे आहे. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ग्रंथात ते दिले. यातील ‘अधातोडा’ हा शब्द मूळचा आपल्या दक्षिणेकडील भाषांतला. तमीळ भाषेत ‘आडु’ म्हणजे शेळी. शेळी ज्याला शिवत नाही ते झाड, असा या नावाचा अर्थ सांगतात. शेळी सहसा कशालाच नाही म्हणत नाही. तिनेही ज्याच्याकडे पाठ फिरवावी, त्या झाडात असे काय असेल?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. चंद्रपूर, गडचिरोली किंवा गोंदिया जिल्ह्यांत जंगलाच्या कडेला अनेक गावे आणि शाळा आहेत. तेथे पावसाळ्यात हौसेने रोपे लावावीत आणि सकाळी पाहावे तो त्यांचे शेंडे नाहीसे झालेले असावेत, असे पुष्कळदा घडते. मग सल्ला मिळतो, की हरणे खाणार नाहीत अशीच झाडे लावा. सल्ला चांगला आहे. परंतु ती झाडे कोणती, हे ठरवायचे कसे?

खाणारा कोण, ते आधी ओळखा

आपण बोलताना सर्वांना ‘हरीण’ म्हणतो. पण त्यात दोन कुळे आहेत. चितळ, सांबर आणि भेकर हे सारंग कुळातले प्राणी. त्यांच्या नरांची शिंगे गळतात व पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा आणि नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, हे कुरंग होत. त्यांची शिंगे कायमची असतात. हे सर्व प्राणी गाईशेळ्यांप्रमाणेच रवंथ करतात.

रवंथ करणाऱ्या या प्राण्यांच्या वरच्या जबड्यात पुढचे पटाशीचे दात नसतात. तेथे एक टणक गादी असते. खालचे दात आणि ही गादी यांत पाला धरून प्राणी तो ओढून तोडतो. त्यामुळे तुटलेल्या देठाची कड फाटल्यासारखी, दशा निघालेली दिसते. सशाला मात्र वरखाली दोन्हीकडे धारदार पटाशीचे दात असतात. त्याने खाल्लेली काडी चाकूने तिरपी कापल्यासारखी असते. तेव्हा रोप खाल्ले गेले, तर आधी त्याची कड नीट पाहावी. सशाचा उपद्रव असेल, तर हरणांसाठी केलेली तजवीज उपयोगी पडणार नाही.

झाडांची हत्यारे

प्राणी संकटात पळून जाऊ शकतो. झाडाला जागा सोडता येत नाही. म्हणून बचावाची साधने त्याच्या अंगातच तयार होतात.

पहिले साधन काट्यांचे. करवंद, सागरगोटा आणि चिलार यांच्या जाळीत तोंड घालणे सोपे नसते. मात्र काटे खाणाऱ्याला थांबवतात असे नाही. ते त्याचा वेग कमी करतात. बाभळीच्या काट्यांमधून शेळी नेमका पाला कसा वेचून घेते, हे आपण पाहतोच.

दुसरे साधन चिकाचे. रुई, शेर आणि निवडुंग यांचे पान किंवा फांदी मोडली की दुधासारखा चीक गळतो. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. रुईच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. अशीच द्रव्ये कण्हेरीच्या सर्व भागांत आहेत. महामार्गांच्या मधल्या पट्ट्यात कण्हेर का लावतात, याचे एक कारण हेच. तिला गुरे तोंड लावत नाहीत.

तिसरे साधन वासाचे. निर्गुडी, तुळस आणि गवती चहा यांच्या पानांत उडून जाणारी तेले असतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात व तेच पाल्याचे पचन घडवतात. अशी तेले जास्त प्रमाणात पोटात गेली की या सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. म्हणून उग्र वास हा प्राण्याला इशाराच ठरतो.

चौथे साधन सुयांचे. नीट न शिजलेले अळू खाल्ले की घसा खाजतो. अळवाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात.

पाचवे साधन टॅनिनचे. हिरडा आणि बाभळीची साल चामडे कमावण्यासाठी वापरतात, ती त्यांतील टॅनिनमुळे. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. त्यामुळे पाल्यातली प्रथिने प्राण्याच्या अंगी लागत नाहीत. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे कडू अल्कलॉइड असते. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यात आहे.

‘कधीच खात नाही’ असे झाड नाही

हत्यारे एका बाजूलाच नसतात. पाला खाणाऱ्या काही हरणांच्या लाळेत अशी प्रथिने असतात, की ती टॅनिनला आधीच बांधून टाकतात. सुबाभळीची गोष्टही बोलकी आहे. तिच्या पाल्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणारी गुरे आजारी पडत. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट राहत. शोध घेता त्या शेळ्यांच्या पोटातील एक जीवाणू विषाचे विघटन करतो असे आढळले. तो ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही सुबाभूळ मानवू लागली. एकाला जे विष, ते दुसऱ्याचा चारा होऊ शकते.

भुकेचाही वाटा मोठा आहे. पावसाळ्यात कोवळे गवत मुबलक असते, तेव्हा चितळ त्यावरच चरतात. गवत वाळले की ते झुडपांच्या पाल्याकडे, गळून पडलेल्या फुलाफळांकडे वळतात. श्रावणात टाळलेले झाड वैशाखात खाल्ले जाऊ शकते.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा बागांना फार उपद्रव होतो. तेथील न्यू जर्सी राज्यातील रटगर्स विद्यापीठाने बागेतील वनस्पतींची यादी केली आहे. तिच्यात ‘खातात’ आणि ‘खात नाहीत’ असे दोन रकाने नाहीत. क्वचित नुकसान होणाऱ्या वनस्पतींपासून वारंवार भारी नुकसान होणाऱ्यांपर्यंत चार गट आहेत. सर्वांत सुरक्षित गटाचे नावही ‘क्वचित’ असेच आहे.

रोपवाटिकेतल्या रोपांना तर दुप्पट धोका. खतपाण्यावर वाढलेला त्यांचा पाला लुसलुशीत आणि पोषक असतो. शिवाय चितळ व सांबर यांचे नर आपली शिंगे खोडांवर घासतात. त्यात न खाण्याजोग्या झाडाचीही साल निघते.

निवड कशी करावी

एखादे झाड का खाल्ले जात नाही, ते कारण कळले की निवड सोपी होते. बाहेरच्या कुंपणासाठी करवंद, सागरगोटा, चिलार किंवा घायपात लावावी. आतल्या कडेला अडुळसा, निर्गुडी आणि गवती चहा यांचा पट्टा करावा. आंबा, जांभूळ अशी झाडे मध्यभागी लावून, शेंडा माणसाच्या डोक्यावर जाईपर्यंत प्रत्येकाभोवती बांबूचा पिंजरा ठेवावा. तेवढी उंची गाठली, की बहुतेक हरणांचे तोंड शेंड्याला पोहोचत नाही.

केवळ जनावरे खात नाहीत म्हणून कण्हेर, पिवळी कण्हेर किंवा मोगली एरंड शाळेच्या आवारात लावू नये. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या समजून खाल्ल्याने मुलांना उलट्या व जुलाब झाल्याच्या घटना आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर प्राणघातक आहेत. कण्हेरीची छाटलेली पाने वाळल्यावरही विषारीच राहतात. ती चाऱ्यात मिसळता कामा नयेत.

घाणेरीचा धडा

आणखी एक झाड जनावरे टाळतात, ते म्हणजे घाणेरी किंवा टणटणी. मूळची ही अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी ती भारतात आणली गेली. तिच्या पाल्याने गुरांचे यकृत बिघडते. फळे मात्र बुलबुलासारखे पक्षी आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात. पाला खाणारे कोणी नाही आणि बी पेरणारे पुष्कळ, त्यामुळे तिला आवर राहिला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या वस्तीच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात घाणेरी पसरली आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. म्हणजे बागेसाठी आणलेल्या झाडाने जंगलातील हरणांचा चारा कमी केला. अशी भुकेली हरणे शेताकडे वळली, तर दोष कोणाला द्यावा?

म्हणून निवडलेले झाड आपोआप पसरते का, हेही आधी विचारले पाहिजे. शक्यतो आपल्याच परिसरातले झाड निवडावे.

करून पाहा

गुरे किंवा शेळ्या रोज जातात अशा वाटेवरची दहा झाडे निवडा. प्रत्येकाचे नाव, काटे, चीक व वास यांची नोंद करा. मग पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत त्यांची पाने किती खाल्ली गेली ते पाहून ‘क्वचित’, ‘थोडे’, ‘बरेच’ आणि ‘फार’ असे चार गट करा. तुटलेली कड फाटकी आहे की तिरपी, तेही लिहा. कोणतेही पान चाखू नका, चिकाला हात लावू नका आणि अनोळखी पाला जनावरांना घालू नका. वर्षअखेर तुमच्या हाती जी यादी येईल, ती तुमच्या गावाला कोणत्याही छापील यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.