मत्स्यालयातील धडा

जालना येथील औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील कित्येक मुलांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो. पाण्याशी त्यांची ओळख म्हणजे नळ, टँकर आणि हंडा. अशा नऊ मुलांस बरोबर घेऊन काही वर्षांपूर्वी आम्ही आगगाडीने मुंबईस मत्स्यालय पाहावयास गेलो होतो. त्या सहलीत मुले पुष्कळ शिकली. परंतु आमच्या हातून एक चूक घडली, व तिने आम्हांस अधिक शिकविले. ते आईबापांस व शिक्षकांस उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहितो.

तारापोरवाला मत्स्यालय मुंबईस चर्नी रोड स्टेशनाजवळ, समुद्राच्या समोरच आहे. ते १९५१ साली उघडले आणि २०१५ साली दुरुस्तीनंतर नव्या रूपात लोकांस खुले झाले. त्या वेळी तेथे १२ फूट लांबीचा एक पारदर्शक बोगदा बांधण्यात आला. त्यातून चालताना मासे डोक्यावरून पोहत जात असत. २०२० सालच्या साथीत ते बंद झाले व पुढे दीर्घकाळ बंदच राहिले. म्हणून जाऊ इच्छिणाऱ्याने आधी चौकशी करूनच निघावे.

पहिला धडा मुलांच्या हातांनी शिकविला. आत शिरताच ती काचेवर टकटक करू लागली. आम्ही त्यांस सांगितले की, माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते. तिच्या योगे पाण्यातील लहानसा हेलकावाही त्यास कळतो. आपली टिचकी त्यास दारावर पडलेल्या धक्क्यासारखी वाटत असेल. हे ऐकताच हात खाली आले. ‘करू नको’ एवढेच म्हणण्यापेक्षा कारण सांगितलेले मूल लवकर ऐकते, हा आमचा अनुभव आहे.

दुसरा धडा बुडबुड्यांचा. एका मुलीने विचारले, “मासा पाण्यात राहतो, मग त्याला हवा कशाला सोडतात?” प्रश्न उत्तम होता. मासाही प्राणवायूवरच जगतो. कल्ल्यांवाटे तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. तितक्याच गोड्या पाण्यात आपल्याकडील उष्ण दिवसांत तो जेमतेम ६ मिलिलिटरच्या आसपास भरतो. पाणी जितके तापेल तितका तो आणखी कमी होतो. बुडबुड्यांनी पाणी ढवळले जाते आणि हवा त्यात मिसळत राहते.

तिसरा प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालो. एक मुलगा म्हणाला, “आमच्याकडे टँकर आला नाही तर आई रडते. इथे माशांना एवढं पाणी?” २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने पाण्यासाठी काय सोसले, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. आम्ही त्यास म्हणालो की, समुद्रातील माशांचे पाणी खारट असते, ते पिण्याचे नव्हे. शिवाय अशा टाक्यांतील पाणी रोज ओतून देत नाहीत. तेच गाळून पुन्हा फिरवितात. मुलगा म्हणाला, “म्हणजे हेही पाणी जपूनच वापरतात.” आम्ही होय म्हटले.

आता आमची चूक सांगतो. परतताना वाटेत मुलांनी हट्ट धरला, आणि आम्ही त्याच मुलास एका दुकानातून काचेचा लहान वाटोळा गोळा व दोन सोनेरी मासे घेऊन दिले. पाचव्या दिवशी एक मासा मेला. मुलगा रडत आला व म्हणाला, “मी त्याला उपाशी ठेवलं नव्हतं. दिवसातून पाच वेळा खायला घातलं.” दोष त्याचा नव्हता. जीव त्याच्या हाती देताना तो कसा पाळावा हे आम्ही सांगितले नव्हते.

कारण असे आहे. मासा आपल्या शरीरातून अमोनिया नावाचे द्रव्य पाण्यात सोडतो. उरलेले अन्न कुजूनही तेच होते. ते विषारी असते. जुन्या टाकीत काही सूक्ष्म जंतू वाढलेले असतात व ते या विषाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. परंतु नव्या टाकीत हे जंतू पुरेसे वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. लहान गोळ्यात विष लवकर साठते, आणि अरुंद तोंडामुळे हवाही कमी मिळते. सोनेरी मासा नीट पाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. गोळ्यात तो दिवसांत मरतो.

ज्यांस मासे पाळावयाचेच असतील त्यांनी रुंद तोंडाची मोठी टाकी घ्यावी. आरंभी मासे थोडे ठेवावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न घालावे. दर आठवड्यास सुमारे चौथा भाग पाणी बदलावे. ते नळाचे असल्यास त्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवलेले असावे. कंटाळा आल्यास मासे कुंडलिका नदीत किंवा घाणेवाडीच्या तलावात सोडू नयेत. अशा रीतीने सोडलेले परदेशी मासे भारतातील अनेक नद्यांत वाढून तेथील मूळच्या माशांस जड झाले आहेत.

त्या मुलाने उरलेला मासा जगविला. आम्ही त्यास मोठी टाकी आणून दिली, आणि तो दर रविवारी पाणी बदलू लागला. आईने भरून ठेवलेल्या पाण्यातून एक बादली मागताना तो आधी तिला विचारीत असे, आणि माशाचे काढलेले पाणी तुळशीस व कढीपत्त्यास घालीत असे. दया पुष्कळांच्या मनात असते; तिला ज्ञानाची व रोजच्या श्रमाची जोड मिळाली म्हणजे जीव वाचतो.

मुलांस विचारावयाचे प्रश्न
१. मासा प्राणवायू कोठून व कशाने घेतो?
२. उन्हाळ्यात उथळ डबक्यातील मासे वर तोंड काढून का फिरतात?
३. अधिक अन्न घातल्याने मासा का मरतो?
४. माशाच्या टाकीतून काढलेले पाणी तुमच्या घरी कशास उपयोगी पडेल?