वाचवले शंभर, उघडलं चेंबर

बाळा, धुवून पुन्हा वापरायचा ऑइल फिल्टर घेऊ का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी घाईत नुसतं ‘नको’ म्हणालो. तुला ते पटलं नसणार, पटलं असतं तर तू माझा भाचा कसला! पावणे एमआयडीसीत गाड्यांखाली आयुष्य गेलं, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं लिहितो.

१. कागदाचा फिल्टर घासलेटात धुऊन परत लावू नकोस, कोणी कितीही सांगो — कचरा घड्यांच्या तंतूंत खोल रुतलेला असतो, आणि धुताना कागद मऊ पडून फाटला की गाळणं संपलंच. मी तरुणपणी हे केलंय. वाचवले शंभर, उघडलं चेंबर.

२. जाळीचा फिल्टर धुता येतो, हे खरं — कचरा स्टीलच्या जाळीवर वरच्यावर अडतो. पण बाजारातल्या बऱ्याच जाळ्या ३०-३५ मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीच्या. बेअरिंग खाणारे कण त्याहून बारीक. गाळणीत चहापत्ती अडते, भुकटी कपात उतरते.

३. तुझ्या बाबांच्या स्प्लेंडरची जाळी आपण धुवायचो, तो हिशोब कारला लावू नकोस — तिथे जाळीच्या जोडीला गरगर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो, बारीक गाळ तो कडेला दाबून धरतो.

४. तरी जाळी घेतलीसच, तर दर वेळी घासलेटात धू, आतून बाहेर हवा मार, उजेडासमोर धरून एकेक भोक बघ, पूर्ण वाळव आणि ओ-रिंग नवी लाव — अर्धवट धुतलेली जाळी न धुतलेलीपेक्षा वाईट, कारण मन निर्धास्त होतं. पेट्रोलने मात्र कधी धुवू नकोस, एक ठिणगी पुरते. एवढं सगळं तू दर वेळी करशील? तुझ्या डब्याला अजून आईच साबण लावते, म्हणून विचारलं.

५. गाडी नीट चालतेय म्हणून फिल्टर ठीक आहे, असं समजू नकोस — फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जातं. इंजिन उपाशी मरत नाही, पण माती खात राहतं, आणि डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही.

६. किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला ऑइल-फिल्टर दोन्ही बदल — ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याच्या गर्दीत गाडी उभी असते तेव्हा काटा थांबतो, इंजिन थांबत नाही.

७. जुना फिल्टर काढलास की त्याचं रबर त्याच्यासोबत आलंय का, बोट फिरवून बघ — ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि वर नवं बसलं, तर दोन रबरांमधून सगळं ऑइल बाहेर येतं. माझ्या हातून एकदा असं झालं. गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडेपर्यंत रस्ता काळा झाला होता. तेव्हापासून मी दिवा धरून बघतो.

८. नव्या रबराला ऑइलचं बोट लाव, रबर टेकलं की हाताने पाऊण फेरा, बस्स. फिल्टरच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं — पान्याने आवळलेलं रबर चेपतं आणि पुढच्या वेळी डबा फाटतो, सुटत नाही. हाताने बसवलेलं हाताशी राहतं.

९. फिल्टर गाडीच्या पुस्तिकेत नंबर आहे तोच घे, ओळखीच्या दुकानातून, पावतीसकट — नकली डब्यातला, ऑइल परत उतरू न देणारा व्हॉल्व्ह गळका असला, तर रात्रीत ऑइल खाली उतरतं आणि सकाळी चावी फिरवताच इंजिन कोरडं खडखडतं.

१०. काळं ऑइल नि जुना फिल्टर गटारात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस — आपल्या पावण्याचा नाला खाडीला मिळतो, आणि ती ठाणे खाडी २०२२पासून रामसर यादीतली पाणथळ आहे, फ्लेमिंगो तिथेच चरतात. सरकारच्या २०१६च्या नियमांत तेलाने माखलेले फिल्टर घातक कचरा धरले आहेत. डब्याच्या घुमटाला भोक पाड, रात्रभर निथळू दे, आणि ऑइल कॅनमध्ये भरून डब्यासकट परवानगी असलेल्या गोळा करणाऱ्याकडे पोचव. जाळी धुतलेलं घासलेटही त्याच वाटेने गेलं पाहिजे, आणि घरी जाळी धुणाऱ्याचं नेमकं तिथेच अडतं.

तेव्हा तुझ्या गाडीला कागदाचाच, दर ऑइलला नवा. रविवारी येताना फिल्टर नि ड्रेन नटचं वॉशर घेऊन ये, परात आणि कॅन माझ्याकडे आहेत.